शटडाऊनच्या आधी

१९ मे, सोमवार
आमच्या जंतूंच्या प्रयोगशाळेचं वार्षिक शटडाऊन जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, हे आज ठरलं. आतल्या खोल्यांचं निर्जंतुकीकरण, हवा गाळणाऱ्या हेपा फिल्टरची तपासणी, सांडपाण्याच्या टाक्यांची दुरुस्ती, सगळं त्यातच उरकायचं आहे. बैठकीला शास्त्रज्ञ होते, इंजिनिअर होते, हिशेबवालेही होते. फिटर, प्लंबर आणि सफाईच्या मावशी मात्र नव्हत्या. मी आग्रह धरला की पुढच्या बैठकीला त्यांना बोलवायचंच. शटडाऊनमध्ये शास्त्रज्ञ बाहेर असतात आणि मास्कशिवाय, रोजच्या कपड्यांत आत जातात ती हीच माणसं. खोली निर्जंतुक करायची ती त्यांच्यासाठी.

२१ मे, बुधवार
खोल्या निर्जंतुक करायला फॉर्मॅलिनची धुरी की हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ, यावर दुपार गेली. फॉर्मॅलिन स्वस्त, कानाकोपऱ्यात शिरतं, जुन्या मंडळींचा त्यावर भरवसा. पण फॉर्माल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलं आहे, आणि धुरीनंतर अमोनियाने ते मारलं तरी पांढरी भुकटी पुसावी लागते. पुसणार कोण? मावशीच. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं. मात्र पुठ्ठा, कापड अशा वस्तू ते शोषून घेतात आणि खोलीत त्याचं प्रमाण उतरतं. म्हणून एकही खोका आत राहता कामा नये. माझं मत पेरॉक्साइडला.

२४ मे, शनिवार
पिरब्राइटच्या विषाणूगळतीचे अहवाल पुन्हा वाचले. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं हे ठिकाण. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर काम करणारी सरकारी संस्था आणि लस बनवणारी खासगी कंपनी एकाच आवारात. ऑगस्ट २००७ मध्ये जवळच्या शेतावरच्या गुरांना लाळ्या-खुरकूत झाला. विषाणू निघाला १९६७ सालचा, प्रयोगशाळांत जपलेला वाण. बाहेर मोकळ्यावर तो कुठेच फिरत नव्हता.

इमारतींची हवा फिल्टरमधून जात होती, माणसं अंघोळ करून बाहेर पडत होती. सांडपाण्यावर पहिली प्रक्रिया इमारतीत व्हायची, पण तिने सगळा विषाणू मरेलच अशी खात्री नव्हती. शेवटची प्रक्रिया आवारातच दुसरीकडे. मधला प्रवास जमिनीखालच्या जुन्या नळातून. नळाला तडे, सांध्यांत झाडांची मुळं, चेंबरची झाकणं सैल. त्या जुलैत पाऊस धो धो झाला आणि त्याच वेळी आवारात बांधकाम चालू होतं. नळातून झिरपलेला विषाणू चिखलात मिसळून ट्रकच्या चाकांबरोबर रस्त्यावर गेला असावा, हा तपासाचा निष्कर्ष. २,००० हून जास्त जनावरं मारावी लागली. नळ बदलायला हवा हे आधीच माहीत होतं, पण पैसे कोणी द्यायचे यावर वर्षानुवर्षं घोळ चालला होता. हे वाचताना दर वेळी संताप येतो. त्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेशी काय देणंघेणं होतं?

२६ मे, सोमवार
सकाळी प्लंबरकाकांबरोबर सांडपाण्याच्या लाइनवरून चालले. आतून टाकीपर्यंत, टाकीपासून बाहेरच्या ड्रेनेजपर्यंत. हातात नकाशा होता. गुलमोहराजवळ काका थांबले. "मॅडम, कागदावर लाइन सरळ आहे. इथं वळवलीय." लोखंडी पहारीने झाकण उचललं. आत नळाचा एल्बो, त्याच्या सांध्याभोवती केसासारखी बारीक मुळं. काकांनी टॉर्च धरून बराच वेळ न्याहाळलं आणि झाकणाच्या कडेला बोट फिरवून दाखवलं, रबर झिजून गेलं आहे. हा तुकडा टाकीनंतरचा, म्हणजे यातून जाणारं पाणी उकळून मगच सोडलेलं असतं. तरी लाइन आतून कॅमेऱ्याने बघायची आणि नकाशा नव्याने काढायचा, हे दोन्ही शटडाऊनच्या यादीत घातलं. पुण्यात पाऊस आठवड्यावर आला आहे.

२९ मे, गुरुवार
जिओबॅसिलसच्या बीजाणूंच्या पट्ट्या आल्या. रोग न करणारा, पण मारायला अतिशय चिवट असा हा जंतू. तो मेला तर बाकीचे मेले असं धरता येतं. निर्जंतुकीकरणाच्या कंत्राटदाराच्या आराखड्यात पट्ट्या टेबलावर आणि दाराशी. तिथे वाफ पोहोचणारच! मी जागा बदलल्या: सिंकच्या खाली, कॅबिनेटच्या मागे, ड्रॉवरच्या खाचेत, छताच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात. एक पट्टी वाफ न देता तशीच ठेवायची. ती उबवणीत वाढलीच पाहिजे, नाहीतर पट्ट्या आधीपासूनच मेलेल्या होत्या आणि परीक्षा झालीच नाही. उबवणीला सात दिवस द्यायचे. कंत्राटदाराला ते दोनात हवे आहेत. मी नाही म्हटलं. त्याचं बिल उशिरा निघेल, निघू दे.

३० मे, शुक्रवार
स्टोअरमधली जंतुनाशकं तपासली. हायपोक्लोराइटची ताकद मेच्या उन्हाळ्यात झपाट्याने उतरते, म्हणून जुने कॅन बाद केले. चीनमधल्या लांझोउला २०१९ मध्ये ब्रुसेला या जंतूवरची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर पडणाऱ्या हवेत जिवंत जंतू राहिले आणि वाऱ्यावर गेले. सप्टेंबर २०२० पर्यंत ३,२४५ जणांना लागण झाल्याचं सिद्ध झालं.

२ जून, सोमवार
आजच्या बैठकीला सगळे होते. मावशींनी पहिलाच प्रश्न विचारला, "आत कुणाला चक्कर आली तर दार कोण उघडणार?" एअरलॉकची दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत. आणीबाणीत ती कशी सोडायची हे आमच्या कागदपत्रांत होतं, पण रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्या त्याच्यासह सराव.

धोका आत जाणाऱ्यांपुरताच नसतो, म्हणून मी जॅनेट पार्करविषयी सांगितलं. बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या छायाचित्रकार होत्या, देवीच्या विषाणूच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर. ११ सप्टेंबर १९७८ रोजी त्या देवीने गेल्या. विषाणू त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने गेला यावर आजही एकमत नाही. खोलीत कुणी बोललं नाही, मग एसी प्लांटच्या ऑपरेटरने विचारलं की आपल्या वरच्या मजल्यावर काय आहे. नकाशा उघडला. प्लांट रूम आहे, तो स्वतः बसतो ती.

दुरुस्तीच्या परमिटमध्ये नवा रकाना घातला: पट्ट्यांचा निकाल आत जाणाऱ्याने स्वतः पाहिला. त्याची सही नसेल तर किल्ली मिळणार नाही. लाइनचा कॅमेरा गुरुवारी येतो आहे.