चाळिशीनंतर मांडलेला संसार

लग्नाला वीस वर्षं झाली असं सांगितलं की समोरचा माणूस माशाअल्लाह म्हणतो. मी मनातल्या मनात हिशेब करते. 2003 च्या जुलैत निकाह झाला, 2004 च्या फेब्रुवारीत हे कुवेतला गेले आणि 2022 च्या मार्चमध्ये कायमचे परतले. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. 2020 ची सुट्टी लॉकडाऊनमध्ये बुडाली. म्हणजे सात सुट्ट्यांचे चौदा महिने आणि निकाहानंतरचे सात, असे एकूण एकवीस महिने आम्ही एका छपराखाली राहिलो होतो. तेवढ्या शिदोरीवर आम्ही दोघांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये औरंगाबादला बिऱ्हाड थाटलं.

कोकणातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आमच्या दापोली तालुक्यातल्या मोहल्ल्यात ज्या घरातला पुरुष आखातात नाही असं घर शोधावं लागे. पैसे यायचे, चिऱ्याच्या घरावर स्लॅब पडायचा, मुलींची लग्नं व्हायची. आखातातल्या पैशांविषयी खूप बोललं जातं. पण तो माणूस परत आला आणि बायकोसोबत रोज सकाळी एकाच टेबलावर बसू लागला की काय होतं, याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही.

सासूबाई 2021 मध्ये अल्लाला प्याऱ्या झाल्या. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. यांना वाळूजच्या एका कारखान्यात एसीच्या देखभालीचं काम मिळालं आणि मला एका उर्दू हायस्कूलात मराठी शिकवायचं. पगार दोघांचे मिळून ठीक. गावापासून चारशे किलोमीटरांहून जास्त अंतर, थेट गाडी नाही, नात्यातलं एकही माणूस नाही. माझ्या बहिणीने विचारलं, "तुमी दोघाच रव्हनार?" तिच्या आवाजात काळजी होती. मलाही होती.

घर मी शोधलं. हे अजून गावात कागदपत्रांत अडकले होते. एका सोसायटीत फ्लॅट आवडला, भाडं ठरलं. मग नाव सांगितलं आणि मालकाला अचानक आठवलं की त्यांचा भाचा राहायला येणार आहे. हे भाचे सगळ्या शहरांत असतात. शेवटी रोशन गेटजवळ वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली मालकीणबाई राहतात, त्यांना सगळे खाला म्हणतात. मी डिपॉझिट दिलं, चावी घेतली आणि यांना फोन केला. हे आले, घर पाहिलं, सामान लावलं आणि चार दिवस कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी म्हणाले, "मना विचारायचा तरी होता."

मला त्यात माझी चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. अठरा वर्षं विहीर उपसायची की नाही, पोराला कुठल्या शाळेत घालायचं, कौलं कधी बदलायची, सासूबाईंचं ऑपरेशन कुठे करायचं, हे सगळं मीच ठरवत आले होते. फोनवर विचारलं की हे म्हणायचे, "तू बघ." आता माणूस समोर होता आणि "तू बघ" मात्र कुवेतमध्येच राहिलं होतं. सुरुवातीचे चार-सहा महिने आमचं बहुतेक भांडण याच एका गोष्टीवरून झालं, विषय कुठलाही असो. स्कूटर कुठली घ्यायची, गादी कुठे टाकायची. पैशांचंही तसंच. बँकेचं खातं माझ्या हातात. सकाळी डबा घेताना हे म्हणायचे, "शंभर रुपये दे गो, पेट्रोलला," आणि नजर दुसरीकडे. शेवटी मी चहाच्या डब्याशेजारी एका डब्यात पैसे ठेवायला लागले. कोण किती घेतो ते विचारायचं नाही. तो डबा अजून आहे.

सुट्टीवर आलेला नवरा हा पाहुणा असतो, हे मला इथे आल्यावर कळलं. पाहुणा आपल्याला काय आवडत नाही ते सांगत नाही. दर सुट्टीत मी यांना तीन चमचे साखरेचा चहा दिला आणि तो यांनी प्यायला. औरंगाबादच्या तिसऱ्या आठवड्यात समजलं की यांना बिनसाखरेचाच चहा लागतो. "मग बोललात का नाही?" "दोन महिन्यांसाठी कशाला?" हे पहाटे चारला उठतात, तिथल्या शिफ्टची सवय. दिवा न लावता स्वयंपाकघरात बसतात. सहा माणसांच्या खोलीत दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून तसं बसायची सवय लागलेली. आपलं ताट आपणच धुतात, शर्टाला इस्त्री आपणच करतात. खालाच्या सुनेने एकदा ते पाहिलं आणि मला म्हणाली, "भाभी, तुम्हारे तो मजे हैं." मजा होतीच, पण आपली गरज नसलेला माणूस घरात वावरतोय असंही कधी कधी वाटायचं.

आणि हे स्वयंपाक करतात, हे तर मला माहीतच नव्हतं. त्या खोलीत पाळीपाळीने रांधायचं असे. मजबूस म्हणजे तिथला मसालेभात, सुकं लिंबू घालून केलेला, तो यांचा हातखंडा. एका मल्याळी सोबत्याकडून नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण शिकले. पण इथे मासळी आणायची कुठून? हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या की बंदरावर लिलाव होतो, तिथली सुरमई खाल्लेल्या जिभेला इथल्या बाजारातली बर्फात निजलेली मासळी बघवत नाही. मी गावाहून सुकट, सुके बोंबील आणि आमसुलं आणली होती. पहिल्यांदा सुकट भाजली तेव्हा खाला जिन्याने वर आल्या, नाकाला ओढणी लावून. "क्या जला की, बेटा?"

खालांशी आमची दोस्ती जमायला वेळ लागला, कारण आम्ही त्यांच्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हतो. मुसलमान, पण घरात मराठी बोलतात. त्यातही मराठी अशी की त्यांच्या दूधवाल्यालाही कळत नाही. मी "मना नको" म्हणते आणि त्या "मेरेकू नक्को" म्हणतात, हे लक्षात आलं त्या दिवशी दोघी हसलो. आम्ही शाफई, त्या हनफी. आमच्या हिशेबाने असरचा वक्त लवकर होतो. इथली असरची अजान आमच्यापेक्षा बऱ्याच उशिरा. पहिले काही दिवस मी शाळेतून येऊन अजानची वाट पाहत बसायची. एकदा गावाहून येणाऱ्या कुणीतरी खेकडे आणले, तेव्हा खालांनी कानाला हात लावले. "ये कौन खाता?" आम्ही खातो. आमच्यात चालतो. त्यांनी त्यावर मौलवीसाहेबांना विचारून घेतलं, आणि दोन दिवसांनी येऊन सांगितलं की तुमच्या मजहबात ठीक आहे, पण पातेलं वेगळं ठेवा.

शाळेतही हेच, फक्त उलट बाजूने. माझ्या वर्गातली मुलं दखनी उर्दू बोलणारी. मराठी त्यांना दहावीत पास होण्यापुरती हवी. उर्दूत 'ळ' नाही, त्यामुळे "बाळ रडत होते" हे वाक्य एका मुलाने "बाल रडत होते" असं वाचलं आणि वर्गाने केस कसे रडतात यावर पाच मिनिटं चर्चा केली. मी त्यांना सांगितलं की माझ्या घरात आजीपासून सगळे 'ळ' बोलतात आणि नमाजही पढतात. एक मुलगी म्हणाली, "टीचर, आप लोगां मराठे हैं क्या?" मी म्हटलं, आम्ही कोकणी. तिला ते समजलं नाही, पण त्या दिवसापासून ती 'ळ' जोर लावून म्हणते. कधी कधी 'ल'च्या जागीही.

नान खलिया पहिल्यांदा खाल्लं ते खालांच्या पुतणीच्या लग्नात. तंदुरातला जाड, हळद-गुळाच्या पाण्याने पिवळा झालेला नान आणि वर तर्री तरंगणारा मटणाचा पातळ रस्सा. मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्या लष्करासोबत हा पदार्थ आला, असं इथे सांगतात. खरं असेल तर त्या बिचाऱ्यांनाही नव्या शहरात येऊन पडलेल्या माणसांचं जेवण लागत होतं म्हणायचं. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या मला तो नान जड गेला. हे मात्र पंगत उठल्यावर मागे भटारखान्यात गेले आणि अर्धा तास परतले नाहीत. मसाल्याची यादी हातावर लिहून आणली होती.

रविवारी आम्ही स्कूटरवर निघतो. याला फिरणं म्हणावं की घरातून सुटका, ते त्या आठवड्यावर अवलंबून. बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली, तिची ही कबर. वरच्या कठड्यावरून खाली वाकून पाहावं लागतं. लोक नाणी टाकतात. पुढच्या रविवारी खुलताबादला गेलो. तिथे जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, उघड्या आकाशाखाली, साधी. तो 1707 मध्ये गेला, बेगमेनंतर पन्नास वर्षांनी. शहर ते खुलताबाद पंचवीसेक किलोमीटर. हे कबरीकडे बघत म्हणाले, "म्हंजे हीही दोघा वेगळीच रव्हली." या बादशहाबद्दल लोक खूप काय काय बोलतात; नवरा-बायको म्हणून त्यांचा विचार करणारा मला हा पहिलाच माणूस भेटला. परतीच्या वाटेवर दौलताबादला सीताफळं घेतली आणि किल्ल्याच्या सावलीत बसून बिया थुंकत खाल्ली. लग्नाआधी मुलंमुली जसं एकमेकांना विचारतात तसं मी यांना त्या दिवशी विचारलं, तिथे सर्वांत वाईट दिवस कुठला होता? हे म्हणाले, आई गेली तो. रात्रपाळी होती. मशिदीत चार ओळखीच्यांनी गायबाना जनाजा पढला आणि मग हे कामावर गेले. फोनवर मला एवढंच म्हणाले होते की तू बघ.

आता पाण्याविषयी. पावसाळ्यात अंगणात विहीर काठोकाठ भरते अशा गावातून आम्ही आलो. इथे नळाला पाणी येतं आमच्या गल्लीत साधारण आठव्या दिवशी, तेही कधी रात्री दोनला. पन्नास किलोमीटरवर जायकवाडीचं एवढं मोठं धरण, तिथून पाणी येतं, आणि शहर रांगेत उभं. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी याच शहराला नहर बांधून दिली होती. पाणचक्कीत दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांतून येणाऱ्या पाण्यावर जातं फिरायचं. ते पाहताना खाला म्हणाल्या, "उस जमाने में पैदा होते तो अच्छा था." पाण्याची रात्र ही आमच्याकडे ईदच्या चाँदरातीसारखी. कुणीतरी ओरडतं, "पानी आया!" आणि सगळी गल्ली जागी. यांनी टाकीला बॉल व्हॉल्व्ह बसवला, मोटर आपोआप बंद होईल अशी सोय केली. मग खालांची, मग समोरच्यांची. त्या रात्री हे हाताने वायर जोडत असतात आणि मी मोबाइलची बॅटरी धरून उभी. तेव्हा आम्ही भांडत नाही. पाणी भरून झालं की पहाटे तीनला बिनसाखरेचा चहा होतो. मीही आता तसाच पिते.

2023 मध्ये या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. घर न बदलता आमचा पत्ता बदलला. आधार कार्डावर आधीच तीन गावांचा घोळ, त्यात ही चौथी भर. शाळेच्या दाखल्यांवर मी नवं नाव लिहिते, खाला जुनंच म्हणतात, रिक्षावाल्यांना दोन्ही समजतात.

गेल्या हिवाळ्यात पैठणला गेलो होतो. मुलांना एकनाथ शिकवते, त्यामुळे वाडा पाहायचा होता. यांना धरणाजवळची ताजी मासळी हवी होती. तिथे तळलेला मरळ खाल्ला. गोड्या पाण्याची मासळी, तिला समुद्राची चव नाही. पण घरी नेलेल्या कटल्याला आमसूल आणि नारळ लागल्यावर ती बऱ्यापैकी माणसात आली. हात धुताना यांचा फोन वाजला. कुवेतच्या जुन्या कंपनीतला माणूस. दोन वर्षांचं कंत्राट, इथल्या पगाराच्या तिप्पट. हे पाण्याकडे तोंड करून "हां, हां, बघतो" म्हणत राहिले.

तिप्पट पगार म्हणजे मुलाची फी सुटली, गावच्या घराची गळती थांबली. पूर्वीची मी असते तर तिथेच व्हिसाची चौकशी केली असती. परतताना स्कूटरवर दोघंही गप्प. बिडकीनच्या पुढे मी विचारलं, "काय ठरवलात?" वाऱ्यात यांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. घरी आल्यावर जेवताना म्हणाले, "तू काय म्हनतंस?" मी म्हटलं, "मना विचारतायत, तर मना नको." यांनी मान हलवली आणि नारळाचं कालवण आणखी वाढून घेतलं.

त्या माणसाला हे काय बोलले ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी हे फिरायला न नेता शहागंजला गेले आणि हातगाडीवर हजार लिटरची काळी टाकी घेऊन आले. चार पोरांनी ती जिन्यातून वर चढवली. भिंतीचा रंग खरवडला म्हणून खाला बाहेर आल्या. एक टाकी असताना दुसरी कशाला, आणि तीही स्वतःच्या खर्चाने, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. "किराए के घर में कायकू इत्ता खर्चा करते, बेटा?" त्यांनी यांना विचारलं. हे गच्चीवर वाकून पाइप मोजत होते. म्हणाले, "खाला, आठ दिन में एक टाकी नै पुरती."