नाकाची साक्ष

डॉक्टरांनी पाच बाटल्यांना वर्तमानपत्राची पानं गुंडाळली, वरून रबर चढवले आणि जाड स्केचपेननं क, ख, ग, घ, च अशी अक्षरं घातली. "ङ का गाळला?" वकीलसाहेबांनी हरकत घेतली. "ङ नं सुरू होणारं काही आजवर प्यायलात का?" डॉक्टर म्हणाले. हरकत फेटाळली गेली.

जानेवारीतली अंबाजोगाई. गच्चीवर सतरंजी, सतरंजीवर आम्ही तिघं, मध्ये पितळी परात. परातीत भाजलेले शेंगदाणे, काकडी आणि दुपारी कुणाच्या तरी रानातून आलेला हुरडा, गार झालेला. बालाघाटावरून येणारं वारं कानाला झोंबत होतं. महिन्या-दोन महिन्यांनी आमची अशी बैठक होते. बैठक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भलतंच चित्र येतं, पण आमच्यात एका बाटलीतलं दोन चमच्यांवर कुणाला मिळत नाही. ग्लास फिरवायचा, त्यात नाक घालायचं, घोट जिभेवर घोळवायचा आणि मग भांडायचं. भांडण हाच खरा चकणा. डॉक्टरांकडं तर परवानाही आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात प्यायला अजूनही परवाना लागतो आणि तो प्रकृती सांभाळण्यासाठी म्हणून दिलेला असतो. रोज लोकांची यकृतं तपासणाऱ्या माणसाला याचं दर वेळी नव्यानं हसू येतं.

वहिनी पीत नाहीत. त्या मंगळवारी योगेश्वरीला जातात आणि आम्हाला अधूनमधून तिखट बोलतात. पण सगळ्यांत तयार नाक त्यांचं. शेजारणीची डाळ लागली की ती तुरीची की मुगाची हे त्या भिंतीआडून सांगतात. म्हणून आम्ही त्यांना फक्त वासापुरतं पंच नेमलंय. ग्लास नाकाशी नेतात, एक शब्द टाकतात आणि जिन्यानं खाली जातात.

सुरुवातीला डॉक्टर इंग्रजी पुस्तकांतले शब्द वापरायचे. हेदरची फुलं, टॉफी, जुनं चामडं, नाताळचा केक. हेदर आमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही. वकीलसाहेबांनी एकदा न राहवून विचारलं, की जे आपण हुंगलेलंच नाही त्याची साक्ष आपण कशी देतो? ऐकीव साक्ष कोर्टात चालत नाही. त्या दिवसापासून नियम झाला, स्वतःच्या नाकानं ओळखीचा असेल तोच वास वहीत लिहायचा. वही एकदम बदलली. 'करडईच्या घाण्याजवळ उभं राहिल्यासारखं.' 'आगटीतून काढलेलं कणीस, हातावर चोळताना.' 'लग्नाच्या पेटीतला शालू.' 'सीताफळ, डोळे उघडून दोन दिवस उलटलेलं.' सीताफळाच्या बाबतीत आमचा शब्द शेवटचा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे वकीलसाहेब परातीवर बोट आपटून सांगतात.

क चा ग्लास आला. वहिनींनी हुंगला आणि लांब धरला. "ड्रेसिंगचा बोळा. आणि पावसात भिजलेल्या गोवऱ्या." दोन्ही बरोबर. ती निघाली लॅफ्रोएग, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. तिथं दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवतात, पीट म्हणतात तिला, आणि मोड आलेले जव तिच्या धुरावर सुकवतात. तो धूर जवात जातो, जवातून दारूत, आणि बारा-पंधरा वर्षांनीसुद्धा जात नाही. गोवऱ्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत ज्यानं खाल्लंय त्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पाणी घालायचं की नाही हा आमचा जुना वाद. डॉक्टर ड्रॉपरनं थेंब मोजून टाकतात. स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी २०१७ साली संगणकावर मांडून दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायकॉल नावाचा धुरकट वासाचा रेणू ग्लासात वर, पृष्ठभागाकडं येतो. तेव्हापासून डॉक्टरांच्या ड्रॉपरला शास्त्राचा आधार आहे. वकीलसाहेबांचं म्हणणं निराळं. मांजरा धरण आमच्या शेजारच्या केज तालुक्यात, २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. असल्या मुलखात माणसानं दारूत पाणी घालणं हीच खरी चैन.

ख ही ग्लेनफिडिक होती, नासपतीच्या वासाची सभ्य बाई. तिच्याबद्दल भांडण झालं नाही, म्हणजे लिहिण्यासारखंही काही नाही.

ग ला मात्र वेळ गेला. डॉक्टरांनी कागद फाडला, तर अमृत. बंगळुरात जगदाळे घराण्यानं १९४८ साली काढलेली कंपनी. "जगदाळे?" वकीलसाहेब सरसावून बसले. "मग पाव्हणेच की!" आणि आणखी दोन थेंब ओतून घेतले, हे नियमाविरुद्ध. या पाव्हण्यांनी २००४ साली आपली सिंगल माल्ट आधी इथं न विकता थेट ग्लासगोत नेली. पुढं जिम मरे नावाच्या जाणकारानं २०१० च्या आपल्या पुस्तकात त्यांची फ्यूजन जगातली तिसऱ्या क्रमांकाची ठरवली, तेव्हा कुठं आपल्याकडच्या लोकांनी तिच्याकडं मान वळवली. घरच्या कीर्तनकाराला पंढरपुरात मान मिळाल्यावर गाव बोलावतं, तसं.

उष्णतेचा विषय इथंच निघतो. लाकडी पिंपातली दारू हवेत उडत राहते. त्या घटीला तिकडं देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडात तो वर्षाला सुमारे दोन टक्के, बंगळुरात दहा-बारा. म्हणून इथली दारू लवकर पिकते आणि लवकर संपते. घ ची पॉल जॉन गोव्यातली, तिचीही तीच गत. मेमध्ये बीडात पिंप ठेवलं तर दसऱ्याला देवदूतच रस्त्यात पडलेले सापडतील, असं डॉक्टर म्हणाले.

मग च.

मी ग्लास नाकाशी नेला आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणालो, "ही आपली. मळीची."

डॉक्टरांनी कागद काढला. खरंच एक स्वस्त देशी व्हिस्की होती, बसस्टँडमागच्या दुकानात मिळते ती. नाव सांगत नाही. फसवणूक म्हणून त्यांनी ती मुद्दाम घातली होती. ते खूश व्हायच्या ऐवजी चिडले. "सर, शक्यच नाही. हे न्यूट्रल स्पिरिट. न्यूट्रल म्हणजे वास, चव, सगळं उपसून काढलेलं. ते मळीचं की मक्याचं, कुणाच्या बापाला कळत नाही. त्यात थोडं माल्ट आणि रंगाला कॅरॅमल."

"कॅरॅमल म्हणजे?"

"जाळलेली साखर."

"मग?" मी म्हणालो.

वकीलसाहेबांनी निकाल राखून ठेवला.

त्यांना कसं सांगावं, की तो वास मी शिकलेलो नाही. आठव्या वर्षापर्यंत मी दर साली दसरा उलटला की आई-बापूंबरोबर पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर जायचो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आई आणि बापू मिळून एक. उचल दोघांत एक, हिशेब एक. पाचटाची कोपी, पहाटे चारला उठून फडात, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरायची आणि रात्री कारखान्याच्या काट्यापुढं बैलांसकट रांगेत झोपायचं. तिथं मळीच्या टाक्या होत्या. साखर काढून झाल्यावर जो काळा दाट रस उरतो तो. त्याचा वास गोड, आंबट आणि जड असायचा. पांघरुणात यायचा, भाकरीत यायचा, आईच्या केसांत यायचा. एकदा माझा पाय मळी वाहणाऱ्या चरात घोट्यापर्यंत गेला. आईनं चुलीतल्या राखेनं घासघासून धुतला, तरी चार दिवस माशा माझ्या एकाच पायामागं होत्या. दुसऱ्या पायाकडं ढुंकून बघत नव्हत्या. पोरं हसायची. पुढं आजीजवळ राहून शाळा शिकलो, मास्तर झालो. पट्टा पडायची वाट मात्र गावात राहूनही बघायचो, कारण कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की आई घरी यायची.

डॉक्टरांनी चिडूनच पेन घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. त्यांचं गणित चांगलं. एक टन उसातून चाळीसेक किलो मळी. टनभर मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क. साडेसातशे मिलीच्या बाटलीत ४२.८ टक्के, म्हणजे जवळजवळ ३२० मिली. "स्पिरिट मळीचं धरलं, तर एका बाटलीमागं तीस-पस्तीस किलो ऊस," ते म्हणाले. आणि मग एकदम गप्प झाले, कारण पुढचा आकडा मी सांगितला. तीस-पस्तीस किलो म्हणजे एक मोळी. बाईच्या डोक्यावर जी एका वेळी चढते ती, फडातून गाडीपर्यंत, गाडीला लावलेल्या फळीवरून वर.

"धान्याचंही असेल," वकीलसाहेब जरा वेळानं म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून. पण ते तरी कुठं परकं? २००७ साली सरकारनं धान्यापासून मद्यार्क काढायला अनुदान जाहीर केलं, त्यावरून भाकरीची दारू करणार का म्हणून केवढा गहजब झाला होता. ज्वारी घ्या नाहीतर ऊस, बाटलीचं बूड आमच्याच मुलखात टेकतं. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत. तिकडच्यांचं बरोबर असेल. मला ते जरा लागतं, का ते सांगता येणार नाही.

डॉक्टर शास्त्राचे. फेरतपासणी झालीच पाहिजे. वहिनींना वर बोलावलं, त्यांनी पाठमोरं होऊन ग्लास भरले. पहिल्या फेरीत मी च बरोबर काढली. दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्या फेरीत ग्लास नाकाशी धरला आणि तीच टाकी, तोच चर, तोच पाय. मी खात्रीनं बोट ठेवलं. ती गोव्याची निघाली. च ची दसपट किंमत तिची.

"साक्षीदार फितूर," वकीलसाहेब म्हणाले.

वहिनींनी दोन्ही ग्लास हुंगले. गोव्याच्याला "मोहाची फुलं" म्हणाल्या, च ला "खोकल्याचं औषध" आणि मला "भाऊजी, आता जेवून घ्या" म्हणाल्या.

जेवून निघालो तेव्हा अकरा वाजले होते. बडीशेप चघळत पायीच निघालो. आमच्या गावाचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती इथं. इथली पहिली व्हिस्की त्या गोऱ्या साहेबांच्या खोक्यांतून उतरली असणार, असा माझा आपला तर्क. रस्ता रिकामा होता. मग लांबून गाणं ऐकू आलं, इतकं मोठ्यानं की फक्त उसाचा ट्रॅक्टरच असणार. झोप लागू नये म्हणून ड्रायव्हर रात्रभर टेप लावतात. दोन ट्रॉल्या, दोन्हींवर उसाचा डोंगर. चढावर पुढचं चाक उचलल्यासारखं करत तो गेला आणि वळणावर एक ऊस खाली पडला. मी इकडं तिकडं बघितलं. पन्नाशीचा प्राध्यापक, अंगात कोट. उचलला.

आईनं दार उघडलं. गळ्यात तुळशीची माळ, अंगावर गोधडी. मी तोंड बाजूला करून आत शिरलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. हातातला ऊस घेतला, दिव्याखाली धरला, कांडं बोटांनी चाचपलं.

"दोनशे पासष्ट हाय," ती उसाची जात ओळखून म्हणाली. "वजनाला चांगला." मग तोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि नाराज झाली. "वरून मारलाय कोयता. नवं जोडपं असंल, नाहीतर कंबर धरली असंल बाईची. बुडखा रानातच ठिवलाय बघ. समदी गोडी तितंच ऱ्हायली."