संत्र्यांचा मुलूख आणि विमानाचे पॉइंट

नागपूर सोडून इटारसीच्या लोहमार्गाने उत्तरेस निघाले की सुमारे शंभर किलोमीटरांवर पांढुर्णा लागते. जाम नदीकाठचे हे गाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे दूरवर ठाऊक आहे. पूर्वेस छिंदवाड्याच्या वाटेवर सौंसर. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्यप्रदेशाचे, परंतु घरातील बोली मराठी आणि शेतात संत्र्याचे बगीचे.

येथील लोकांना विमान गाठावयाचे तर नागपूरच जवळचे. पोरे पुण्यास, बंगळुरास, कोणी आखातात नोकरीला गेलेली. त्यामुळे विमानाचे तिकीट ही आता या घरांतही नवलाची वस्तू राहिली नाही. तिकिटाबरोबर 'माइल्स' आणि क्रेडिट कार्डाबरोबर 'पॉइंट' आले. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली ही योजना आणली. आज आपल्याकडे एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, इंडिगोचे ब्लूचिप आहे. परंतु पॉइंट जमविणारे पुष्कळ, त्यांचे मोल जाणून खर्च करणारे थोडे, असे आम्हांस दिसते.

वास्तविक संत्रे पिकविणाऱ्यास हे शिकवावे लागू नये. तोडलेले फळ वखारीत ठेवून भाव वाढत नाही, ते सुकते. पॉइंटांचेही तसेच. त्यांवर व्याज मिळत नाही, बहुतेकांना मुदत असते, आणि त्यांचा भाव कंपनी आपल्या मर्जीने उतरवू शकते. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. प्रवाशांचे पॉइंट खात्यावर राहिले, पण जेटच्या ज्या आसनांसाठी ते साठविले, ती आसनेच उरली नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तेव्हा पॉइंट नव्या खात्यात गेले, पण नियमही नवे आले.

मग मोल कसे ठरवावे? समजा, तिकिटाची रोख किंमत 6,000 रुपये आहे. पॉइंटांवर घेतल्यास 8,000 पॉइंट जातात आणि करापोटी 1,200 रुपये रोख भरावे लागतात. म्हणजे वाचले 4,800. एका पॉइंटास साठ पैसे पडले. तेच पॉइंट देऊन 2,000 रुपयांचे भांडे घेतले, तर पडतात पंचवीस पैसे. हा भागाकार प्रत्येक वेळी करावा. दिवाळी, नाताळ, उन्हाळ्याची सुटी या दिवसांत रोख भाडे चढते. तेव्हा पॉइंटांवर आसन मिळाले तर लाभ अधिक. मात्र अशी आसने मोजकीच असल्याने तजवीज आधी करावी. काही कंपन्या घरच्यांचे पॉइंट एकत्रही करू देतात; एमिरेट्समध्ये तशी सोय आहे. नागपूरपर्यंतचा गाडीखर्चही हिशेबात धरावा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कार्डाचे बिल मुदतीत पुरते न फेडल्यास वर्षाकाठी चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. त्यापुढे पॉइंटांची कमाई ती कितीशी? फुकट विमानप्रवासाच्या आशेने नको असलेली खरेदी करणे म्हणजे आपल्याच पैशाने महागडे तिकीट काढणे होय. लागणारा खर्च करावा, बिल वेळेवर फेडावे, आणि जमलेले पॉइंट म्हाताऱ्या आईला लेकाच्या भेटीस नेण्यात खर्चावेत. वेळेवर तोडलेल्या फळाची गोडी त्यातच आहे.