ओळंबा

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला लोक येतात तेव्हा आमचं काम आटोपलेलं असतं. शिड्या गेलेल्या असतात, ड्रिलची भुकटी झाडून झालेली असते, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसलेल्या असतात. आम्ही तिथे राबलो याची एकही निशाणी उरू नये, हीच या कामाची परीक्षा. मी एका चित्रकार ताईंचा सहाय्यक आहे. त्यांच्या कामासोबत व्हेनिसला जायचं ठरलं आणि व्हिसाच्या अर्जातला व्यवसायाचा रकाना समोर आला, तेव्हा हात क्षणभर थांबला. मग ‘चित्रकाराचा सहाय्यक’ असंच लिहिलं. लिहून बरं वाटलं.

माझं गाव शहापूर. मुंबईत हे नाव घेतलं की लोक ठाणे जिल्ह्यातलं शहापूर धरून चालतात. आमचं शहापूर भंडारा जिल्ह्यातलं, नागपूरहून भंडाऱ्याला येताना महामार्गावर लागणारं, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या शेजारचं. भोवती धानाच्या बांध्या. पावसाळ्यात बांधीत पाणी भरलं की जमीन कुठे उंच, कुठे खोल हे सांगायला कुणी लागत नाही, पाणीच सांगतं. माझे बाबा गवंडी. त्यांच्या पिशवीत थापी, रंधा, पाणसळ आणि पितळी ओळंबा असायचा. सुट्टीत त्यांच्या हाताखाली विटा द्यायला जायचो तेव्हा भिंत माझ्या डोळ्याला सरळ दिसायची, पण त्यांचा ओळंबा म्हणायचा, सूतभर बाहेर आहे. ते रद्दा उकलायचे. “डोळा धोका देते बाबू, ओळंबा नाही देत,” एवढंच बोलायचे.

परदेशी जायचं कळल्यावर त्यांनी विचारलं, “चित्र टांगाले इतक्या दूर काहून जा लागते? तिकडं मानसं नाहीत का?” प्रश्न रास्त होता. माणसं तिकडेही आहेत आणि आपापल्या कामात पक्की आहेत. पण ताईंचं काम म्हणजे कोशाच्या कापडाचे उंच पट, तुळईवरून जमिनीपर्यंत सोडलेले. हा कोसा आमच्याच मुलखातला. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचा, मोहाडीजवळच्या आंधळगावात मागावर विणलेला. कुठला पट कुठे ओढ घेतो, कुठल्या काठाला रंगाचं वजन जास्त आहे, गुंडाळी कुठल्या बाजूने उलगडायची, हे कागदावर किती लिहिणार? ते हातात असतं, म्हणून हाताला विमानात बसवावं लागतं.

कापडाच्या आधी लाकडाचा प्रवास सुरू होतो. परदेशी जाणाऱ्या पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवलेलं लागतं, एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून. तसं केल्याचा, गव्हाच्या लोंबीचा शिक्का पेटीवर हवा, नाहीतर पेटी बंदरातच अडते. मग कार्ने. हा मालाचा पासपोर्टच. प्रदर्शनासाठी नेलेली वस्तू वर्षभरात परत आणू, अशा हमीवर तिची जकात माफ होते. भारतात तो ‘फिक्की’ या उद्योगसंघटनेकडून मिळतो. नेलेली प्रत्येक वस्तू यादीत असते आणि परतताना ती यादीशी जुळावी लागते. त्याशिवाय प्रत्येक पटाचा स्थिती-अहवाल असतो: निघताना कुठे डाग होता, कुठे धागा उसवलेला होता. बॅटरीचा झोत समोरून न टाकता बाजूने, कापडाला घासून जाईल असा टाकला की बारीकशी चुणीसुद्धा सावली धरते. हे तपासणं मला फार आवडतं. चित्र काढणाऱ्यानेही इतक्या जवळून ते पुन्हा पाहिलेलं नसतं.

व्हेनिसमध्ये ट्रक शहरात शिरत नाहीत. त्रोंकेत्तोच्या बेटावर माल उतरवून मालवाहू होडीत चढवतात आणि कालव्यातून नेतात. पुढे पुलाच्या पायऱ्या आल्या की हातगाडी आणि खांदे. आमची जागा अर्सेनाले या जुन्या जहाजगोदीजवळच्या एका गोदामात होती. पेट्या आत आल्या, पण उघडायच्या नव्हत्या. नव्या हवेची सवय व्हावी म्हणून त्या दिवसभर तशाच बंद ठेवतात. त्या मोकळ्या वेळात मी ‘कोर्देरिए’ बघून आलो. तीनशे मीटरपेक्षा लांब, विटांच्या जाडजूड खांबांचं ते सभागृह, जहाजांचे दोर वळायला बांधलेलं. एवढा लांब दोर वळायचा तर तेवढीच लांब जागा हवी. आज तिथे ‘बिएनाले’ या कलाप्रदर्शनाची चित्रं आणि शिल्पं मांडतात. मला मात्र हेंपचा वाख हातात घेऊन उलट्या पावलांनी मागे सरकणारे दोरवळेच दिसत राहिले. त्यांच्या दोरांवर अख्खं आरमार उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पेट्या उघडल्या आणि खरं काम लागलं. जुन्या तुळईला खिळा ठोकायला मनाई होती, म्हणून तिला पट्ट्यांचा विळखा घालून त्यावर नळी टांगायची. लेझरची लाल रेघ सोडली. रेघ बिनचूक होती, तिच्यावर बसवलेला पट मात्र तिरपा दिसत होता. कारण इमारतच झुकलेली: फरशी कालव्याकडे उतरती, भिंत एका अंगाला कललेली, तुळई मध्ये पोटावलेली. खऱ्या सरळ रेषेत टांगावं तर पट चुकलेला वाटतो, घराच्या कलाने टांगावं तर कापड एका काठाला ताणलं जातं. तिथला एक वयस्कर कामगार शिडीवर होता. त्याने खिशातून दोरी काढली, टोकाला पितळी वजन. त्याची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्याला. त्याने वजन सोडलं, त्याचं डोलणं थांबायची वाट पाहिली आणि दोरीशेजारी पटाचा काठ धरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ताईंनी लांबून, दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, “कापड खरं बोलू दे. कललंय ते घर आहे.” मग प्रत्येक पट आम्ही ओळंब्यातच सोडला. संध्याकाळी खिडकीतून वारा आला तेव्हा सगळे पट एकदम हलले आणि एकदम स्थिर झाले. उद्घाटनाच्या गर्दीत असं काही मला दिसलं नाही.

असा कामासाठी तिथे गेलेला मी पहिला नाही. आमच्याच विदर्भातला, चंद्रपूरजवळच्या सास्ती या कोळसाखाणीच्या गावचा चित्रकार प्रभाकर पाचपुते 2022 च्या व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनात होता. तो कोळशाने थेट भिंतीवर चित्रं काढतो. असं चित्र पेटीत बसत नाही, माणसालाच तिथे जावं लागतं. त्याच्या नावामुळे आम्हा पोरांना जगाचा रस्ता जवळचा वाटू लागला. आणि मदतनीस हातांची गोष्ट निघाली तेव्हा अमेरिकेच्या सोल लेविट या कलावंताचं उदाहरण मला ताईंनी सांगितलं. 1968 पासून त्याने भिंतीवरची चित्रं सूचनांच्या रूपात लिहिली आणि ती दुसऱ्यांच्या हातांनी काढवून घेतली. मॅसॅच्युसेट्समधल्या ‘मास मोका’ संग्रहालयात 2008 मध्ये त्याची 105 भित्तिचित्रं उभी राहिली, त्याच्या मृत्यूनंतर दीडेक वर्षाने, तरुण हातांच्या मोठ्या चमूने. लेविटच्या भिंतीपाशी रेघा मारणाऱ्यांची नावं नोंदवण्याची रीत आहे. कल्पना त्याची, रेघ त्यांची, आणि दोन्ही गोष्टी उघड लिहिलेल्या. यामुळे लेविट लहान झाला नाही.

बाबांनी बांधलेल्या घरांच्या फाटकांवर मालकांची नावं आहेत. ती असावीतच, पैसा आणि स्वप्न त्यांचं होतं. पण दाराच्या आतल्या बाजूला, वीतभर जागेत, कुणी गवंड्याचंही नाव कोरलं असतं तर घराचं काय कमी झालं असतं? ताईंनी या वेळी कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं छापून घेतली: कोसा विणणाऱ्यांची, पेट्या करणाऱ्या सुताराची, होडीवाल्यांची, त्या ओळंबेवाल्या आजोबांची आणि माझं. ते पान मी बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

तेव्हा नागपूरला, मुंबईला, कुठेही प्रदर्शन बघायला गेलात तर चित्रकाराचं नाव वाचून झाल्यावर तिथल्या माणसाला एवढं विचारा: हे उभं कोणी केलं? आणि जे प्रदर्शनं भरवतात त्यांना विनंती आहे, कॅटलॉगचं शेवटचं पान कोरं सोडू नका.