स्टुटगार्ट, फक्त नव्वद दिवस!

स्टुटगार्ट म्हटलं की मर्सिडीज आणि पोर्शे, एवढंच आपल्या डोक्यात येतं. पण हे शहर वसलंय एका खोलगट दरीत, आणि मेन स्टेशनच्या मागच्या चढावर चक्क द्राक्षमळे आहेत. मारिएनप्लाट्झहून डेगरलोखला दातेरी रुळांवरची 'त्साके' चढते, तीही १८८४पासून. शिवाय १९६८पासून हे मुंबईचं सिस्टर सिटी आहे. म्हणजे नातं जुनंच!

मी पुण्यातून फ्रीलान्स सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स करते. इथे आले ती क्लायंटच्या मीटिंग्जसाठी, बिझनेसच्या शेंगेन व्हिसावर. हा व्हिसा मीटिंगसाठी, वाटाघाटींसाठी. टेबल-खुर्ची पकडून क्लायंटचं काम करायला नाही. आणि कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरायचा, पॅरिसचा वीकेंडसुद्धा!

तिसऱ्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, "आलीच आहेस तर आठवडाभर थांब, ते मॉड्यूल इथेच पूर्ण कर." म्हणजे आठवड्याचं बिलिंग, तेही युरोत. रात्री जेवताना इथेच नोकरी करणारा एक पुणेकर मित्र म्हणाला, "अगं, हॉटेलात बसून कर. कोण बघतंय?"

आमच्या ताटात तेव्हा माउलटाशन होतं. मैद्याच्या पारीत सारण भरलेला इथला खास पदार्थ. दंतकथा अशी, की उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून मठातल्या साधूंनी ते पारीत लपवलं. देवाला दिसू नये म्हणून! मला हसू आलं. साधूंचं खपून गेलं असेल, माझं खपलं नसतं. पकडलं तर पुढचे व्हिसे धोक्यात, आणि दंड क्लायंटलाही. मी सरळ नाही म्हणाले. मॅनेजर दोन दिवस घुश्शात होता. मॉड्यूल मी कोथरूडला परतल्यावर लिहिलं. इथल्या आठवड्याचं बिलिंग मात्र गेलं ते गेलंच.

तुम्हालाही असा प्रोजेक्ट मिळणार असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारा: मी तिथे नक्की काय करणार? प्रत्यक्ष काम असेल तर त्यासाठीचा व्हिसा इथूनच काढून जा. कंपनी पाठवत असेल तर ईपीएफओचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज मागून घ्या. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७पासून लागू आहे, त्यामुळे पेन्शनची वर्गणी दोन्ही देशांत भरावी लागत नाही. आणि दिवसांचा हिशेब स्वतः ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी यंत्रणा सुरू झाली आहे. आता दिवस कॉम्प्युटर मोजतो.

स्टुटगार्टच्या ट्राम स्टेशनांवर गेट नाहीत. कुणी अडवत नाही, थेट आत जा. पण तपासनीस आला आणि तिकीट नसलं, की ६० युरो दंड. परदेशातल्या कामाचंही तसंच आहे राव. गेट नाही म्हणजे तिकीट लागत नाही, असं नव्हे.