आत कोणाचं लुगडं आहे?

गणपती गेले की जालन्यातल्या आमच्या मस्तगडात बायकांच्या तोंडी एकच विषय असायचा, ऊन कसं पडतंय. घटस्थापनेच्या आत घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन निघाली पाहिजेत, हा नियम. मम्मादेवीचं नवरात्र तोंडावर, पितृपंधरवड्याची गडबड आणि त्यात परतीच्या पावसाची धास्ती. सकाळीच वाकळांची, म्हणजे गोधड्यांची, बोचकी डोक्यावर घेऊन अख्खी आळी कुंडलिका नदीवर जायची. भिजलेली वाकळ एकटीला पेलत नाही, त्यामुळे जावाजावांची भांडणं तेवढ्या दिवसांपुरती मिटायची. एकीनं हे टोक धरायचं, दुसरीनं ते, आणि दोघींनी उलट्या दिशांनी पिळा घालायचा. आम्हा पोरांना खडकावर वाकळ तुडवायचं काम. शाळा बुडवायला याहून मोठं कारण लागत नसे.

मग वाळवण. दोरीला वाकळीचा भार सोसत नाही, म्हणून भिंती, ओटे, दगड, जिथं जागा मिळेल तिथं ती पडायची. मस्तगड म्हणजे काबिलखानानं १७२५ साली बांधलेली आमची गढी. पुढं तिच्यात नगरपालिकेची कचेरी आली. त्या परिसराला आमच्या चिंध्यांचं तोरण लागलं की समजायचं, नवरात्र आलं.

वाळत घातलेल्या वाकळीसमोर आत्या उभी राहिली की वाचन सुरू. हे मोठ्या आजीचं इरकल. हा आजोबांच्या धोतराचा काठ. हा काकांचा शाळेतला सदरा, खिसा काढून लावलेला. हा खण बारशाचा. हे कोणाचं ते विचारू नका, ती माणसं आता आपल्याशी बोलत नाहीत.

लुगडं फाटलं म्हणजे संपलं, असं आमच्याकडं कधी झालं नाही. आधी त्याला दंड घालायचा, म्हणजे मधला विरलेला भाग काढून दोन्हीकडचे धडके भाग जोडायचे. दंडानंतरही फाटलं की परकर. परकरानंतर पोरांची दुपटी. दुपट्यानंतर वाकळ. वाकळीलाही नको झालेल्या चिंधीचं पोतेरं. त्यानंतर मात्र ती चिंधी सुटायची.

गादीला पिंजारी लागायचा, वाकळ घरची. जालन्यात कापसाला तोटा नव्हता, तरी आमच्या वाकळीत कापूस नसे, कापडावर कापडच. दुपारची भांडी झाली की खाली एक लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर धोतरं, धडपी, सदऱ्यांचे तुकडे. वर त्यातल्या त्यात देखणं लुगडं. थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चा दोरा, मग कडेनं धावदोरा घालत फिरत फिरत मध्याकडं यायचं. चारी बाजूंना चौघी बसल्या की चार हात उमटायचे. आमच्याकडं उरलेल्या एका वाकळीत आजही ते दिसतं. एका बाजूला आत्याचे टाके तांदळाएवढे, ओळीत बसलेले. समोर धाकट्या काकूचे लांबच लांब, वाट सोडून गेलेले. ‘टाके घालतेस की टाके घालायला विसरतेस?’ हे काकूला जन्मभर ऐकावं लागलं.

आणि वाकळ जुनी झाली तरी मोडत नसत. वरचं लुगडं विरलं की त्याच्यावरच नवं चढवायचं, खालूनही एक. त्यामुळं सर्वांत जुनं कापड सर्वांत आत. जितकी जुनी, तितकी जड. मधल्या थराला आता कोणी पाहिलेलंही नाही. बहात्तरच्या दुष्काळात अंगावरच्या लुगड्यालाच दंडावर दंड पडत होते. वाकळीला देणार काय? त्या काळाचा थर आमच्या वाकळीत नाहीच.

पुढं नायलॉन-टेरिलीनच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि शिवायला घेतल्या की हातातून निसटतात. सोलापुरी चादरी आल्या, मग फुलाफुलांची ब्लँकेटं. वाकळा माळ्यावर गेल्या. आता शहाणी माणसं त्यांच्याकडं वळली आहेत. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंदी, यांची नावं जगभर गेली. मुंबईच्या गीता खंडेलवालांनी तर महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आख्खं पुस्तक केलं. शहरात नवं कोरं कापड कापून ‘पारंपरिक’ गोधडी शिवून विकतात. विकोत बापडे. तिच्यात कोणी मेलेलं नसतं, एवढंच.

आमची वाकळ मात्र टिकवायची आहे, आणि आजीची रीत आता चालायची नाही. नवा थर चढवला तर शिवणीचा ताण आतल्या विरलेल्या कापडावरच येणार. म्हणून काही गोष्टी ठरवून घेतल्या. वॉशिंग मशीन बंद. प्लॅस्टिकची पिशवी बंद, ओल कोंडते आणि बुरशी धरते. लोखंडी ट्रंकेत उघडी ठेवायची नाही, गंजाचे डाग निघत नाहीत. खळ तर नकोच, कसर लागते. पावसाळा संपला की सावलीत वारा द्यायचा, कारण कडक उन्हानं रंग उडतात आणि धागाही कमजोर होतो. घडी घातली की नेमकी घडीवरच विरते, म्हणून धुवट धोतरात गुंडाळून सैल वळकटी. वळकटीचं शहाणपण तेवढं जुन्यांचंच. आणि आत काय आहे ते बघायला कोणी टाका उसवायचा नाही. हा नियम मोडायची इच्छा सगळ्यांना होते, मला सर्वांत जास्त.

चार घरांत वाटणी व्हावी म्हणून चार तुकडे करू, असंही एकानं सुचवून पाहिलं. त्याला आत्यानं जे सुनावलं ते इथं छापण्यासारखं नाही. शेवटी वाकळ वर्षाला एका घरी, असं ठरलं. हुरड्याच्या दिवसांत सगळे जमलो की ती अंथरायची, आत्यानं बोट ठेवून सांगायचं, भाचीनं मोबाइलवर टिपायचं, सुनेनं वहीत लिहायचं. यंदा अडचण एवढीच झाली की मागच्या हुरड्याला जो काठ धाकट्या आजीचा होता, तो आता मोठ्या आजीचा निघाला. आत्या दोन्ही वेळा तितकीच ठाम. दोन्ही नोंदी वहीत ठेवल्या आहेत.