आईच्या नावाचं खातं

अर्धापूर,
ऑक्टोबर

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, "स्पर्शच्या खात्याला माझाच मोबाइल नंबर टाक, ओटीपी आला की मी पुण्यातून सांगत जाईन. आईला कशाला डोक्याला ताप." आई शेजारीच बसली होती, म्हणून मी तेव्हा "बघू" म्हणून वेळ मारून नेली. पण मला ते पटलेलं नाही, आणि का पटलं नाही हे फोनवर धड सांगता येणार नाही. म्हणून लिहायला बसले.

खात्याला नंबर आईचाच राहू दे. पासवर्डही तिचा, तिला माहीत असलेला. आपण मदत करायची ती तिच्या शेजारी बसून.

अण्णा होते तेव्हा हे काम आपल्याला सोपं वाटायचं. पेन्शन बँकेत यायची. नोव्हेंबर आला की अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बँकेत जायचे, हयातीच्या दाखल्यावर सही करायचे आणि घरी आले की खर्चाचे पैसे आईच्या हातात द्यायचे. पेन्शन किती येते हे आईने कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्या पिढीची रीतच तशी. पण अण्णा गेले तेव्हा आईला एवढंच ठाऊक होतं की ते महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते, आणि महत्त्वाचा कागद असला की तो सागरहून, म्हणजे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून येतो. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कुठे ठेवलाय, डिस्चार्ज बुकात तिचं नाव कसं लिहिलंय, खात्यावर नेमके किती पडतात, यातलं काहीही तिला सांगता आलं नाही. तेराव्यानंतर ती ट्रंक उघडून बसली होती आणि एकेक कागद माझ्या हातात देऊन "हे कशाचं गं?" विचारत होती. तू तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत होतास. मी ते पाहिलंय, म्हणून तुझ्यापेक्षा मला जास्त टोचतं.

आता तर बँकेच्या हातात फारसं काही राहिलेलं नाही. २०२१ पासून लष्कराच्या पेन्शनी स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर घेतल्या जात आहेत. आधी नव्याने निवृत्त होणारे, मग बँकांकडचे जुने, असं करत आज तीस लाखांहून अधिक पेन्शनर त्यावर आहेत. पैसे प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून थेट खात्यावर येतात. पूर्वी पेन्शनचा हिशेब बँक करायची, आता ती फक्त आलेले पैसे जमा करून घेते. त्यामुळे "माझी पेन्शन कमी का आली?" असं काउंटरवर विचारलं तर तिथल्या माणसालाही नीट सांगता येत नाही. उत्तर त्या खात्यात असतं. महिन्याची स्लिप, पीपीओ, हयातीच्या दाखल्याची मुदत, तक्रार, सगळं तिथेच. पत्ता बदलायचा तरी तिथे, बँक बदलायची तरी तिथेच अर्ज. ज्याच्या हातात ओटीपी, त्याच्या हातात हे सगळं.

तुझ्यावर माझा अविश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू आईचा एक रुपया इकडचा तिकडे करणार नाहीस. पण तू कधी परदेशात असशील, कधी कंपनी बदलशील, कधी नंबर बदलशील. आणि समज तुझ्याकडून काहीच चुकलं नाही, तरी आई पुन्हा होती तिथेच राहील. आधी अण्णा हातात पैसे देत होते, आता तू देशील. ही पेन्शन सरकार तिच्या नावावर पाठवतं. नवरा बारामुलाला असताना दोन लेकरं घेऊन तिनं सासरी काढलेली वर्षंही त्यात धरलेली आहेत, असं मला वाटतं.

नंबर दुसऱ्याचा असला की काय होतं, तेही इथे रोज दिसतं. आपल्याच भागातल्या एका वीरपत्नीच्या खात्याला सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराने स्वतःचा नंबर टाकून दिला होता, तोही भलेपणानेच. बाईंकडे साधा फोन, कुणी ओटीपी वाचून दाखवणारं नाही. पुढे तो पोरगा केंद्र बंद करून हैदराबादला गेला. आता प्रत्येक कामाला त्या बाईंनी त्याला शोधायचं. तो चांगला मुलगा आहे, फोन उचलतो, पण उद्या नाही उचलला तर?

२०२२ चा एप्रिल तुला आठवत असेल. तेव्हा स्पर्शवर नव्याने आलेल्यांपैकी अठ्ठावन्न हजारांवर पेन्शनरांची त्या महिन्याची पेन्शन अडकली होती, कारण त्यांची वार्षिक ओळख पटवल्याची नोंद बँकांकडून स्पर्शवर पोचली नव्हती. गोंधळ झाला, वर्तमानपत्रांत आलं, मग संरक्षण मंत्रालयाने एकदा सूट दिली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पैसे पडले. अण्णा तेव्हा पेपर वाचून शांतपणे म्हणाले होते, "कागद आपल्याजवळ पाहिजे." आता कागदाच्या जागी ते खातं आलंय.

तर गेल्या आठवड्यात काय काय केलं ते सांगते.

पहिलं काम आधारचं. आईच्या आधारला जोडलेला नंबर अण्णांच्या जुन्या सिमचा होता, आणि ते सिम अण्णांच्या आजारपणात रिचार्जविना बंद पडलं. नव्वद दिवस नंबर वापरला नाही तर कंपनी तो काढून घेते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देते. म्हणजे आईचा ओटीपी कुठल्या तरी परक्या माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. म्हणून आधी तिच्या नावावर नवं सिम घेतलं. मग आधार केंद्रावर गेलो. आणि तिथे बोटं उठेनात! तुला माहीत आहे, आयुष्यभर केळीच्या रानात आणि हळदीच्या वाफ्यांत राबलेले हात. केळीचा चीक बोटांच्या रेघांत असा बसलाय की साबणाने निघत नाही, आणि अंगठ्याच्या रेघा तर हळद काढून काढून झिजल्यात. केंद्रावरच्या मुलीने ओल्या फडक्याने एकेक बोट पुसलं, मधलं बोट लावलं, अनामिका लावली. शेवटी डाव्या हाताच्या एका बोटाने काम झालं. त्या मुलीच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

पण हयातीच्या दाखल्याला बोटांची गरजच नाही. जीवन प्रमाण २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटते. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन अॅप फोनवर घ्यायची. पदर कपाळावरून मागे घेऊन आई उजेडाकडे तोंड करून बसली, पडद्यावर गोल आला, डोळे मिचकावा अशी सूचना आली. ती मिचकावेना. मला म्हणाली, "तुझ्या अण्णांच्या पेन्शनीला माझे डोळे कशाला बघायचे?" मी म्हटलं, "आता ती तुझीच पेन्शन आहे आई, म्हणून तुझे डोळे बघतात." मग तिने मिचकावले. एक गोष्ट लक्षात ठेव, कधी तुला हे करावं लागलं तर: त्यात पेन्शन मंजूर करणारा आणि पेन्शन देणारा असे दोन रकाने आहेत. पहिल्यात संरक्षणचं, दुसऱ्यात स्पर्शचं नाव शोधायचं, आणि यादीत शहराचं नाव अजून अलाहाबादच आहे. प्रयागराज शोधत बसलास तर सापडणार नाही. चुकून बँक निवडली तर दाखला फेटाळला जातो. त्यातून मिळणारा प्रमाण क्रमांक मी एका कागदावर लिहून ठेवलाय. मुदत कधी संपते हे तिच्या स्पर्शच्या खात्यात दिसतं, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने तिनेच मांडली आहे.

सगळ्यांत जास्त घोळ नावाचा आहे, आणि इथे मला तुझी मदत हवी. लॉगिन केल्यावर आधी आपली माहिती तपासून बरोबर आहे म्हणून मान्य करायची असते. घाईत "बरोबर" दाबून पुढे जाऊ नये, कारण चूक मान्य केली की ती निस्तरायला महिने जातात. आईचं नाव सागरच्या नोंदीत 'बाई' लावल्याशिवाय आहे, आधारवर 'बाई' लागलेलं आहे. जन्मतारीख तर दोन्हीकडे वेगळी, आधारवर १ जून, लष्कराच्या कागदात नुसतं वर्ष. तुला वाटेल, एवढ्याने काय बिघडतं. बिघडतं. ऐंशी पूर्ण झाल्यावर फॅमिली पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस. जन्मतारीख नीट लागली नसेल तर ती वाढ कधी सुरू करायची हे कुणाला कळणार? म्हणून मी माहिती मान्य न करता थांबले आहे. नांदेडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारलं. तिथून रेकॉर्ड ऑफिसला प्रकरण जातं. सोबत प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, जुन्या पीपीओची प्रत. पॅनवरचं नाव आधारशी जुळतंय, तेवढी एक चांगली गोष्ट. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे, त्यासाठीचा दाखलाही सैनिक कल्याण कार्यालयातच मिळतो. २०२० पासूनची योजना आहे आणि आपण इतकी वर्षं नगरपंचायतीत भरतच राहिलो.

बाजूचे काका सारखे सांगत होते की एवढं सगळं नको, त्यांच्या साडूने नुसता एक फॉर्म भरला. साडू मुदखेडच्या सीआरपीएफमधून निवृत्त झालेत. त्यांची पेन्शन दिल्लीच्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयामार्फत (सीपीएओ) येते, ती व्यवस्था निराळी, तिचा स्पर्शशी संबंध नाही. गावात वर्दी म्हटली की सगळे एकच समजतात, आणि मग एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू करतात. साताऱ्याकडे म्हणे घरटी सैनिक असलेली गावं आहेत, तिथे प्रत्येक गल्लीत जाणता माणूस भेटतो. आपल्याकडे मराठवाड्यात फौजी घरं विरळ, त्यामुळे ज्याने त्याने आपलं आपण शिकावं लागतं.

आता पासवर्ड. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला अण्णांचा आर्मी नंबर टाकायचा, हे आईच्या मनात पहिलं आलं. मला भरून आलं, पण मी नको म्हटलं. ती ट्रंक ओसरीत असते, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो नंबर वाचतो. तुझी-माझी जन्मतारीखही नको, अर्धापूर नको. मग मी तिला म्हटलं, अशी एखादी गोष्ट आठव जी तुझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही, अण्णांनाही नव्हती. ती बराच वेळ गप्प बसली, मग हसली, आणि माझ्या कानात सांगितली. तिच्यातून इंग्रजी अक्षरं आणि आकडे काढून पासवर्ड तयार केला. तो तुला सांगणार नाही, तू विचारू नकोस. आईने वहीत मोठ्या अक्षरांत तीन वेळा लिहून सराव केला, ती पानं फाडून चुलीत घातली आणि एक चिठ्ठी ट्रंकेतल्या आतल्या कप्प्यात कुलपात ठेवली. कागदावर लिहू नये असं म्हणतात, मला माहीत आहे. पण तिच्या कुलपातली चिठ्ठी ही सेवा केंद्राच्या संगणकात किंवा भाच्याच्या व्हॉट्सअॅपवर पडलेल्या पासवर्डपेक्षा शंभर पटींनी बरी.

आणि भामट्यांचं. अण्णा गेल्याला महिना होत नाही तो तिला हिंदीतून फोन आला: "पेन्शन बंद हो जाएगी माताजी, जीवन प्रमाण पत्र अपडेट करना है, ओटीपी बताइए." त्या माणसाला अण्णांचं नाव आणि हुद्दा माहीत होता. ती घाबरली, पण ओटीपी आलाच नाही कारण आधारला जोडलेलं सिम बंद होतं. नशीब. आता मी तिला एवढंच पक्कं सांगितलंय की सरकारी माणूस ओटीपी विचारत नाही, व्हॉट्सअॅपवर कुणी अॅप पाठवलं तर उघडायचं नाही, आणि चुकून काही झालंच तर रात्र आहे की पहाट न बघता १९३० ला फोन लावायचा. जितक्या लवकर कळवलं तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. तो आकडा तिने देवघराशेजारी भिंतीवर लिहिलाय.

तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. बँकेत जॉइंट खात्याला तू गेल्या वर्षी तुझा नंबर जोडला होतास, तो काढून आईचा जोडायचा अर्ज. त्यावर आईची सही मी घेते, तुझी तू कुरिअरने पाठव. अण्णांच्या कागदांचे फोटो तू काढून नेले होतेस, त्यांत सागरहून आलेलं जुनं पत्र आहे का बघ, आईच्या नावाची मूळ नोंद त्यातच असावी. आणि दिवाळीला आलास की एक संध्याकाळ आईसोबत बस. लॉगिन तिला करू दे. ती चुकली तरी मध्ये हात घालू नकोस. ती आता स्लिप उघडून महागाई भत्त्याचा रकाना बोटाने दाखवते आणि "या वेळी वाढला का?" असं विचारते. मागच्या खेपेला वाढलेला तिच्याच लक्षात आला, माझ्या नाही.

तिने सांगितलंय की येताना तिला चष्मा नवा आण, जवळचा नंबर वाढलाय. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत पाठवते आहे.

तुझी,
धाकटी